परदेशी पाहुणा आणि परिपत्रकांचे राज्य

१ सप्टेंबर २०२५ रोजी ‘आप्रवास व परदेशी नागरिक कायदा’ अंमलात आला आणि चार जुने कायदे रद्द झाले : पारपत्रासंबंधीचा १९२० चा, परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा १९३९ चा, परदेशी नागरिकांविषयीचा १९४६ चा आणि वाहतूक कंपन्यांच्या जबाबदारीचा २००० चा. यांपैकी पहिले तीन इंग्रजी अमदानीतले. त्यामुळे वसाहतवादाचे आणखी एक जोखड उतरले, असा डांगोरा पिटला गेला. मार्च २०२५ मध्ये लोकसभेतील चर्चेत गृहमंत्री अमित शहा यांनी हा देश म्हणजे धर्मशाळा नव्हे, असे बजावले होते. ही उपमा त्यांनी अंमळ विचार करून वापरावयास हवी होती. धर्मशाळेच्या ओसरीवर निदान एक पाटी असते. मुक्काम किती दिवस करता येईल, खोली केव्हा सोडावयाची, हे तीवर लिहिलेले असते आणि उतारू झोपलेला असताना ती पाटी कोणी बदलत नाही. या देशात दीर्घकाळ राहणाऱ्या परदेशी माणसाला एवढी शाश्वती कधीच मिळालेली नाही. नव्या कायद्यानेही ती दिलेली नाही. देशाच्या सुरक्षिततेला धोका आहे अशा कारणावरून प्रवेश नाकारणाऱ्या आप्रवास अधिकाऱ्याचा निर्णय या कायद्याने अंतिम ठरविला आहे, आणि आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा बोजा पूर्वीप्रमाणेच संशयिताच्या माथी ठेवला आहे.

कष्टकऱ्यांच्या चळवळीने गोऱ्या पर्यटकाच्या मुक्कामाची चिंता का वाहावी, असा प्रश्न एखाद्या कार्यकर्त्याच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. परंतु एका माणसाविषयी कारण न देता हुकूम काढण्याची मुभा ज्या सत्तेला मिळते, ती सत्ता त्या एका माणसापाशी थांबत नाही, हा कामगार चळवळीचा शंभर वर्षांचा अनुभव आहे. तो अनुभव तपासण्यापूर्वी परदेशी पाहुण्याच्या वाट्याला प्रत्यक्षात काय येते, हे पाहणे आवश्यक आहे.

गोव्यातील हणजूण, हरमल, मोरजी या गावांत १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून परदेशी माणसे दीर्घ मुक्कामास येत आहेत. आरंभी आला तो युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान असा खुष्कीचा मार्ग तुडवीत येणारा हिप्पी. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो मार्ग बंद पडला. पुढे विमानाने येणारे वाढले. त्यांत निवृत्तिवेतनावर जगणारे इंग्रज आणि जर्मन होते. नंतरच्या काळात रशियन आले. हा माणूस त्याच्या देशात श्रीमंत असतोच असे नाही. तिकडच्या हिवाळ्यात घरभाड्याला आणि घर उबदार ठेवण्याला जे पैसे पुरत नाहीत, त्यांत तो इकडे चार-पाच महिने सुखाने काढतो, एवढेच. त्याच्या मुक्कामावर खोल्या भाड्याने देणारे घर चालते, दुचाकी भाड्याने देणाऱ्या तरुणाचा हप्ता फिटतो, किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये राबणाऱ्या नेपाळी व कर्नाटकी मजुराचा हंगाम पार पडतो. दिल्लीत एक परिपत्रक निघाले की या सर्वांचे गणित चुकते.

आणि परिपत्रके किती निघाली! १९८४ पर्यंत ब्रिटिश नागरिकाला भारतात येण्यास व्हिसाच लागत नसे. पंजाबातील अशांततेच्या त्या वर्षी तो लागू झाला. त्यानंतर सहा महिन्यांचा पर्यटक-व्हिसा आणि तो संपत आला की नव्या व्हिसासाठी काठमांडूची किंवा कोलंबोची वारी, असा परिपाठ अनेकांनी वर्षानुवर्षे पाळला. सरकारला तो ठाऊक होता आणि चालत होता. २००९ च्या अखेरीस, एकदा देश सोडल्यावर दोन महिने परत येता येणार नाही, असा नियम अकस्मात लागू झाला. नेपाळ पाहून परतणारे प्रवासी सीमेवर अडकले. ज्यांच्या हातात अनेकवार प्रवेशाचा व्हिसा होता, त्यांना तो असून नसल्यासारखा झाला. निमित्त होते डेव्हिड हेडलीचे. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यासाठी टेहळणी करणारा हा अमेरिकी नागरिक ऑक्टोबर २००९ मध्ये शिकागोत पकडला गेला आणि तो भारतात वारंवार ये-जा करीत होता, हे उघड झाले. मात्र हेडली हरमलच्या किनाऱ्यावर पर्यटक म्हणून पडून राहिलेला नव्हता. तो व्यावसायिक व्हिसावर येत असे, आणि मुंबईत ताडदेव येथे त्याने चालविलेले कार्यालय परदेशगमनाचा सल्ला देण्याचे होते! व्यवसायाच्या नावाखाली येणाऱ्याची चौकशी झाली नाही, म्हणून सुट्टीवर आलेल्या निवृत्त शिक्षिकेला दोन महिने परदेशात बसवून ठेवण्यात आले. नोकरशाहीची अपराध-शोधाची पद्धत ही अशी आहे.

तीन वर्षांनी, २०१२ च्या अखेरीस, ही अट शिथिल झाली. पण सर्वांसाठी नव्हे. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान, चीन, इराण, इराक, सुदान या देशांचे नागरिक, पाकिस्तानी व बांगलादेशी वंशाचे परदेशी आणि कोणत्याच देशाचे नागरिकत्व नसलेले लोक यांना ती तशीच राहिली. २०१४ मध्ये वारे फिरले. पर्यटन म्हणजे परकीय चलन, या हिशेबाने संगणकावरून मिळणारा व्हिसा आला : आधी तीस दिवसांचा, २०१७ मध्ये साठ दिवसांचा, २०१९ मध्ये एक वर्षाचा आणि पाच वर्षांचा. तीस दिवसांच्या व्हिसाला तर त्या वर्षी बहुतेक देशांसाठी हंगामी दरपत्रकच लागले. एप्रिल ते जून दहा डॉलर, जुलै ते मार्च पंचवीस डॉलर. हॉटेलमालक खोलीचे भाव ठेवतो, तसे एका सार्वभौम राज्याने आपल्या उंबरठ्याचे भाव ठेवले. पाच वर्षांचा व्हिसा म्हणजे पाच वर्षांचा मुक्काम, असे मात्र कोणी समजू नये. २०१९ च्या नियमांप्रमाणे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा व जपान येथील नागरिकाने सलग १८० दिवस राहावे, बाकीच्यांनी ९०. माणूस तोच, व्हिसाही तोच. त्याचा देश किती वजनदार, यावर मुक्कामाचे दिवस ठरावेत!

या मोजदादीत चुकणाऱ्यास नव्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि तीन लाख रुपयांपर्यंत दंड आहे. खोली देणाऱ्या घरमालकाने पाहुण्याची माहिती ठरलेला अर्ज भरून कळवायची, पाहुण्याने १८० दिवसांहून अधिक राहायचे असेल तर विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात जायचे, आजारी पडून विमान चुकले तर त्याचे दाखले जोडायचे. नियम ठेवू नयेत असे कोणी म्हणत नाही. नियम असावेतच. पण ते कायद्याच्या पुस्तकात असावेत. जो नियम कोणत्या दिवशी बदलेल हे सामान्य माणसाला कळू शकत नाही, त्याच्या आसऱ्याने दलाल पोसले जातात, आणि पाहुणा व घरमालक दोघेही खालच्या अधिकाऱ्याच्या मर्जीचे मिंधे होतात.

या मर्जीचे खरे रूप मार्च २०२० मध्ये दिसले. महामारीच्या भयाने विमाने थांबली आणि हजारो परदेशी पर्यटक भारतात अडकले. गोव्यात होते त्यांच्यासाठी त्यांच्या सरकारांनी दाबोळीहून खास विमाने नेली. जे राहिले, त्यांचे व्हिसा गृहखात्याने विनाशुल्क वाढवून दिले. हे योग्यच झाले. संकटात सापडलेल्या पाहुण्याशी असेच वागावयाचे असते. पण त्याच आठवड्यांत, त्याच पर्यटक-व्हिसावर आलेले दुसरे परदेशी लोक अहमदनगर जिल्ह्यातील मशिदींत सापडले. आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, जिबुती, बेनिन, इंडोनेशिया अशा गरीब देशांतले हे एकोणतीस जण तबलिगी जमातीच्या दिल्लीतील मेळाव्यास जाऊन आले होते. त्यांनाही घरी जाण्यास विमान नव्हते. त्यांच्यासाठी व्हिसाला मुदतवाढ निघाली नाही; व्हिसाच्या अटी मोडल्याबद्दल गुन्हे नोंदले गेले, आणि त्यांना आसरा देणाऱ्या मशिदींच्या विश्वस्तांनाही त्यांत गोवण्यात आले. देशभरातील अशा सुमारे अडीच हजार परदेशी लोकांना गृहखात्याने दहा वर्षांची प्रवेशबंदी केली. रोग पसरविणारे म्हणून वृत्तवाहिन्यांनी त्यांच्यावर जे गरळ ओकले, त्याची आठवण आजही शरम आणणारी आहे.

२१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने हे गुन्हे रद्द केले. न्या. नलावडे यांच्या निकालपत्राने, धार्मिक स्थळांना भेट देण्यास वा प्रवचने ऐकण्यास पर्यटक-व्हिसावर बंदी नव्हती हे दाखवून दिले आणि संकटकाळी सरकार बळीचा बकरा शोधते, असा स्पष्ट अभिप्राय नोंदविला. हा निकाल महाराष्ट्रात लागला, याचा पुरोगामी मंडळींना अभिमान वाटावा. मात्र त्यातून निघणारा प्रश्न त्याहून मोठा आहे. हरमलचा पर्यटक आणि नगरच्या मशिदीतला पर्यटक यांच्या व्हिसावर एकच शब्द होता. मग त्या दोघांत फरक कोणी केला? कायद्याने केला नाही. तो केला गृहखात्यातील टिपणीने. एकाच्या खिशात युरो होते. दुसऱ्याच्या हातात जपमाळ होती आणि त्याच्या पाठीशी बलवान देश नव्हता.

न्यायालये नेहमीच अशी धावून येतील, या भरवशावर राहता येत नाही. राज्यघटनेने समतेचा आणि जीविताचा हक्क ‘व्यक्तीला’ दिला, म्हणजे परदेशी माणसालाही दिला. पण देशात राहण्याचा व वस्ती करण्याचा हक्क एकोणिसाव्या कलमाने फक्त नागरिकाला दिला आहे. या भेदाचा अर्थ किती कठोर होऊ शकतो, हे लुई दे रेट यांच्या खटल्यात दिसले. हे बेल्जियन धर्मोपदेशक १९३७ पासून या देशात राहत होते. १९८७ मध्ये, पन्नास वर्षांनी, त्यांना देश सोडण्याचा हुकूम झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये निर्णय दिला की परदेशी माणसाला घालवून देण्याचा सरकारचा अधिकार निरंकुश आहे, आणि केवळ दीर्घकाळ राहिल्याने कोणी येथला होत नाही. मिशनऱ्यांच्या कार्याविषयी समाजवाद्यांचे मत काहीही असो. अर्धशतक एका मुलखात घालविलेल्या माणसाला जाताना कारण विचारण्याचाही हक्क नसावा, हे सुसंस्कृत राज्याचे लक्षण नव्हे.

हा अधिकार आला कोठून, ते मुंबईच्या कामगाराला नव्याने सांगावयास नको. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन हे इंग्रज. पण त्यांची लेखणी सरकारला बोचू लागली, तेव्हा एप्रिल १९१९ मध्ये त्यांना बोटीवर चढवून विलायतेला धाडण्यात आले. १९२६ पर्यंत त्यांना परतता आले नाही. पुढे १९२८ च्या गिरणी संपात बेन ब्रॅडले आणि त्यांच्यासारखे इंग्रज कम्युनिस्ट येथील कामगारांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. त्यांना हद्दपार करता यावे, यासाठीच सार्वजनिक सुरक्षा विधेयक आणण्यात आले. त्यावर अध्यक्षांचा निर्णय अपेक्षित असतानाच ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात बॉम्ब टाकले. तीन दिवसांनी विठ्ठलभाई पटेल यांनी ते विधेयक मांडण्यास मनाई केली. व्हाइसरॉयने लागलीच तेच वटहुकमाने आणले. ब्रॅडले आणि फिलिप स्प्रॅट हे तोवर मीरत कटाच्या खटल्यात एतद्देशीय कामगार पुढाऱ्यांबरोबर तुरुंगात पोचले होते. परक्याला हाकलण्याचे हत्यार आणि देशी कामगाराला डांबण्याचे हत्यार एकाच भट्टीत घडले, हे त्या पिढीने पाहिले. हॉर्निमन यांचे नाव मुंबईतील एका चौकाला देऊन स्वतंत्र भारताने त्यांचा गौरव केला. त्यांना ज्या वृत्तीने हाकलले, ती वृत्ती मात्र सचिवालयांतून कायम राहिली.

गोव्यात या वृत्तीला एक विचित्र फाटा फुटला आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्या गोमंतकीयास व त्याच्या वंशजांस पोर्तुगालचे नागरिकत्व घेता येते. ते घेऊन हजारो तरुण इंग्लंडात स्विंडनसारख्या शहरांत मजुरीला गेले. गोव्यात पोटापुरते काम असते तर लिस्बनच्या दप्तरात नाव नोंदविण्याची गरज बहुतेकांना भासली नसती. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. त्यामुळे हा तरुण म्हातारी आई पाहण्यास आपल्याच वाड्यावर परततो, तो परदेशी म्हणून. त्याला ‘ओसीआय’ कार्ड काढावे लागते. पोर्तुगीज नागरिकत्व न कळविल्याबद्दल ज्यांचे भारतीय पारपत्र रद्द झाले, त्यांना कित्येक दिवस हे कार्डही मिळेना. एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, एक ज्ञापन निघाले आणि मार्ग खुला झाला. निवडणूक नसती तर? कार्ड मिळाल्यावरही सुटका नाही. मार्च २०२१ च्या अधिसूचनेने या कार्डधारकांना पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रचार यांसाठी वेगळी परवानगी लावली. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने, सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यात नुसते आरोपपत्र दाखल झाले तरी नोंदणी रद्द होऊ शकते, असे ठरविले. आरोपपत्र म्हणजे शिक्षा, हे तत्त्व ज्या दिवशी परदेशस्थाला लागू झाले, त्या दिवशी देशातील मंडळींनी कान टवकारावयास हवे होते.

स्थानिकांची एक तक्रार मात्र झटकून टाकता येणार नाही. पर्यटक-व्हिसावर येऊन उपाहारगृह चालविणारे, टॅक्सीवाल्याचा धंदा बुडविणारे, जमिनीचे भाव चढविणारे परदेशी गोव्यात आहेत. टॅक्सीचालकांचा संताप खोटा नाही. पण हे व्यवहार चोरवाटेने होतात, आणि ती वाट दाखविणारा वकील, नावापुरता भागीदार होणारा स्थानिक धनिक, कागद करून देणारा दलाल हे सगळे भारतीयच असतात. पर्यटक म्हणून आलेल्याने येथे जमीन विकत घेऊ नये, असा कायदा आधीपासूनच आहे. तो जमिनीच्या दलालाविरुद्ध वापरावयाचा सोडून शेजारच्या खोलीतल्या वृद्ध पेन्शनराविरुद्ध लोकांना चेतविण्यात कोणाचा लाभ आहे, हे ओळखणे कठीण नाही.

दुसरीकडे, १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी एच-१बी व्हिसासाठी एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले, तेव्हा पुण्या-मुंबईतील सुखवस्तू घरांत हाहाकार उडाला. अंमल दोन दिवसांत होता. सुट्टीवर आलेले अभियंते मिळेल त्या विमानाने परत धावले. दुसऱ्या दिवशी खुलासा आला की शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे. एका रात्रीत पायाखालची जमीन सरकणे म्हणजे काय, याचा तो अनुभव. ज्या घरांनी तो घेतला, त्यांतील कितींना त्याच महिन्यात आपल्या देशात लागू झालेल्या कायद्याचे नाव ठाऊक होते?

त्या कायद्याबरोबर एक सूट देणारा आदेशही निघाला. अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तान येथून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती निर्वासितांना कागदपत्रे नसल्याबद्दल शिक्षा होणार नाही, असे त्यात म्हटले आहे. छळ सोसून आलेल्याला अभय मिळाले, याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु त्याच देशांतून जीव मुठीत धरून आलेला अहमदिया किंवा हजारा मुसलमान या यादीत नाही, आणि ही धर्मवार वर्गवारी संसदेच्या मतदानाने नव्हे, तर गृहखात्याच्या आदेशाने झाली. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट बांगलादेशच्या हद्दीत ढकलण्यात आले. त्यांच्या राज्य सरकारने पाठपुरावा केल्यावर ते भारतीय असल्याचे मान्य करून त्यांना परत आणावे लागले. ती माणसे गवंडीकाम आणि हमाली करणारी होती. बंगाली बोलत होती, मुसलमान होती, आणि भारतीयत्व सिद्ध करण्याचा बोजा त्यांच्यावर होता. परदेशी पाहुण्यासाठी म्हणून ठेवलेली तरतूद बांधकामावरच्या देशी मजुराच्या मानेवर येऊन बसते, ती या रीतीने.

समाजवादी खासदारांनी संसदेत या प्रश्नावर मागावयाचे ते फारसे क्रांतिकारक नाही. मुक्कामाच्या मुदती आणि अटी कायद्यात वा संसदेने संमत केलेल्या नियमांत असाव्यात. बदल करावयाचा तर त्याची पूर्वसूचना मिळावी आणि देशात आधीच आलेल्याला जुन्या अटींचा लाभ मिळावा. प्रवेश नाकारताना, व्हिसा रद्द करताना, काळ्या यादीत घालताना लेखी कारण द्यावे व त्यावर स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील असावे. दहा-पंधरा वर्षे सचोटीने राहिलेल्या माणसाला स्थायी वास्तव्याचा हक्क मिळावा. एखादा मनुष्य परदेशी आहे असे सरकारचे म्हणणे असेल, तर ते सरकारने सिद्ध करावे. ही शेवटची मागणी सर्वांत निकडीची आहे. तोवर बांधकाम कामगारांच्या वस्त्यांतून काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी प्रत्येक परप्रांतीय मजुराच्या गावचा पत्ता, तेथील ग्रामपंचायतीचा दाखला आणि नातलगाचा दूरध्वनी युनियनच्या कार्यालयात नोंदवून ठेवावा. पोलिसांनी रात्री माणसे उचलली, तर सकाळ उजाडण्यापूर्वी त्या कागदांसह वकील ठाण्यावर पोचला पाहिजे.